मास्तरांच्या विहिरीचे झाकण

केशोरावांचे हे चौथे पत्र. पहिल्या तीन पत्रांत त्यांनी माझ्या वडिलांच्या स्मारकाची हकीकत कळवली होती. दगड आला, गवंडी आला, गवंडी पळाला, दुसरा गवंडी आला. चौथ्यात पुण्यतिथीच्या कार्यक्रमाची तारीख होती. अकरा मे एकोणीसशे सेहेचाळीस, शनिवार, सकाळी नऊ. तहसीलदारसाहेब येणार होते. मी दहा मिनिटे बोलायचे होते आणि विषय त्यांनीच ठरवून दिला होता : 'आजच्या काळात बकाराम मास्तरांचा वारसा'.

मला भाषण करता येत नाही. गोंदियाच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवते; तिथे फळा असतो, खडू असतो, आणि चूक झाली तर पुसता येते. शिवाय 'आजच्या काळात' हे शब्द मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकले होते की ते कानावर पडले की माझ्या जबड्याला रग लागे. निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या. ज्यांनी वडिलांना जिवंतपणी ओटीवर बसू दिले नव्हते, त्यांच्याही मांडवात त्यांचा फोटो लागला होता. त्या फोटोत त्यांना फेटा होता. वडिलांनी आयुष्यात फेटा बांधला नाही. रंगाऱ्याने तो आपल्या मनाने दिला होता, कारण फेट्याशिवाय पुढारी शोभत नाही.

तरी मी गेले. दोन कारणे होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि आमच्या बेहडाटोल्याच्या शेजारच्या गावात पटकीने दोन माणसे गेल्याची बातमी होती. आत्या बेहडाटोल्यात एकटी राहते. विहिरीत टाकायची लाल दवा, म्हणजे परमँगनेट, मी एका बाटलीत बरोबर घेतली.

आमगावला गाडीतून उतरून पुढे दोन तास बैलगाडी. गाव जवळ आले तेव्हा दहा वाजले असतील. तळ्याच्या पाळीवरून बायका येत होत्या. डोक्यावर दोन-दोन घागरी, कमरेवर एक. त्यांत सगळ्यांत मागे माझी आत्या होती, धुरपताबाई, वय पासष्ट.

मी गाडीतून उडीच मारली. "आत्या, तळ्याचं पाणी कायले?"

"आली का माय. धर हे." तिने कमरेवरची घागर माझ्या हातात दिली आणि चालतच राहिली. "कायले म्हंजे? पानी प्यायले लागते म्हनून."

"विहीर आटली का?"

"इहीर कायची आटते. इहीर मोठी झाली आता. आपल्याशी बोलत नाई."

घागरीतले पाणी मी पाहिले. वैशाखात तळे मधोमध उरते. बायका कडेच्या चिखलात हातभर झिरा खणतात आणि वाटीने पाणी उपसून फडक्यातून गाळतात. त्याच चिखलात दहा हातांवर म्हशी बसलेल्या असतात. गाळल्यावर माती निघते. पटकी निघत नाही.

"रोज किती खेपा?"

"चार. सकारी दोन, सांजच्याले दोन. होळीपासून."

होळीपासून. म्हणजे जवळजवळ आठ आठवडे. चार पत्रे लिहिणाऱ्या केशोरावांनी गवंड्याच्या पळून जाण्यावर पानभर मजकूर लिहिला होता; त्यात ही ओळ नव्हती.

घागर आत्याच्या घरी ठेवून मी सरळ विहिरीवर गेले.

ही विहीर गावाच्या मधोमध आहे. एकोणीसशे सत्तावीसच्या उन्हाळ्यात माझे वडील, प्राथमिक शाळेचे मास्तर बकाराम, स्वतःची बादली घेऊन तिच्यावर गेले आणि पाणी काढले. महाराने त्या विहिरीचे पाणी काढण्याची ती पहिली वेळ. त्यांच्या हातातून बादली हिसकावली गेली, दोन बरगड्या मोडल्या. बरगड्या बांधून ते दुसऱ्या महिन्यात पुन्हा गेले. भंडाऱ्याच्या कोर्टात दोन वर्षे खटला चालला. शेवटी विहीर सार्वजनिक ठरली. आमच्या मोहल्ल्याच्या बायका तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षे, तिथे पाणी भरत होत्या.

आता विहिरीभोवती लाल दगडाचा अष्टकोनी चौथरा होता. काम चांगले होते, हे मान्य करते. सांधे सरळ, उतार बाहेरच्या बाजूला. विहिरीच्या तोंडावर लोखंडी गजांचे गोल झाकण, त्याला दाराएवढे एक उघडते फळकूट, आणि फळकुटाला पितळी कुलूप. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी : 'बकाराम मास्तर स्मारक. याच स्थळी मास्तरांनी समतेचे जल प्रथम काढिले.' आणि खाली, लहान अक्षरांत : 'येथे पाणी भरू नये.'

मी ती पाटी दोनदा वाचली. मग वाकून गजांतून एक खडा टाकला आणि मोजले. पाणी होते. भरपूर होते.

केशोराव चौथऱ्यावर पताका बांधत होते. ते पस्तिशीचे आहेत. सत्तावीस साली सोळा वर्षांचे असताना वडिलांच्या मागे दोर घेऊन तेच उभे होते. कपाळावरची खूण त्या दिवसाची. लग्न केले नाही. वडील गेल्यापासून दहा वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही, फक्त मास्तर, मास्तर, मास्तर. अशा माणसावर रागावणे फार कठीण असते. मी पूर्ण प्रयत्न केला.

"केशोभाऊ, हे कुलूप कशाला?"

"आल्या का अनुसयाबाई! बसा, बसा. थांबा, चप्पल खाली काढा." मी चप्पल काढेपर्यंत ते थांबले. "कुलूप ना? लोकं आयकत नोते. मास्तरच्या इहिरीवर भांडे घासून राहिले होते. एक बाई तं पोराचे लंगोट धुवून राहिली होती. मी म्हनलं, अरे, इथं मास्तरचं रगत सांडलं, अन् तुमी लंगोट धुता?"

"विहिरीवर लंगोट धुतात, भाऊ."

"बाकीच्या इहिरीवर धुवा ना."

"बाकीची कोणती? आपल्या लोकांना दुसरी कोणती आहे?"

 गावात आणखी दोन विहिरी आहेत. एक देवळामागची, ती देवळाची खाजगी. एक भैय्यालाल सेठच्या अंगणात, ती अर्थातच सेठची. बाकीच्या गावाने या दोन विहिरींवर आपली सोय लावून घेतली होती. तळ्यावर फक्त आमचा मोहल्ला जात होता.

"पन तळ्यावर जायले कोनी मनाई केली नाई," केशोराव म्हणाले. "अन् पहा बाई, हे पानी आता पवित्र झालं. मास्तरचा हात लागला याले. त्यात कोनाची बी घागर बुडली तं..."

"तर काय होईल? बाटेल?"

"तसं नाई म्हनत मी."

"मग कसं म्हणता?"

ते पताकेची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. माझ्या बापाने हाच शब्द मोडायला दोन बरगड्या दिल्या होत्या, आणि त्यांचा सगळ्यांत प्रामाणिक माणूस तोच शब्द धुवून पुसून त्यांच्याच पाटीवर लावत होता. हे त्यांना मी शांतपणे सांगितले. जसे सांगितले तसेच इथे लिहिले आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते म्हणाले, "हेच उद्या बोला बाई. बरगड्याचं नक्की बोला. लोकायले आवडते."

मी बाटली दाखवली. म्हटले, शेजारच्या गावात पटकी आहे. ही दवा विहिरीला पुरते, कारण विहिरीचे पाणी मोजता येते. तळ्याला पुरत नाही. तळ्यात टाकायला अशी पोतीच्या पोती लागतील. मोहल्ल्यात एकाला लागण झाली तर आठवड्याभरात दहा घरे बसतील. किल्ली द्या.

"किल्ली समितीची आहे," ते म्हणाले. "अध्यक्षले विचारा लागन."

"अध्यक्ष कोण?"

"भैय्यालाल सेठ."

इथे मात्र मला हसू आले. सत्तावीस साली ज्याने वडिलांच्या हातातली बादली हिसकावली, तो भैय्यालालचा बाप. झाकणाचे लोखंड आणि चौथऱ्याचा दगड दोन्ही सेठने दिले होते.

सेठ घराला लागून असलेल्या राईस मिलच्या ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मागच्या पिढीने हे केले नसते, तेवढा फरक पडला आहे, तो नोंदवते.

"आओ बिटिया, आओ. क्या चौथरा बना है, देखा ना? गाव की शान आहे. आमच्या पिताजींनी गलती केली, आपण सुधारली."

"शेटजी, विहीर उघडा."

"अरे, कल के दिन? तहसीलदारसाहेब येऊन राहिले."

"बायका तळ्याचं पाणी पितात. पटकीचे दिवस आहेत."

त्यांनी दोन्ही हात पसरले. "देखो बिटिया, मास्तरजी को क्या चाहिए था? बराबरी. बोलो, हां की ना?"

"हां."

"पहले हम भरते थे, आप नहीं भरते थे. मग दोघं भरायले लागले. आता कोनीच भरत नाही. इससे ज्यादा बराबरी क्या होती है?"

त्यांच्या मागे, अंगणात, त्यांच्या सुनेने विहिरीत पोहरा सोडला. आवाज झाला. आम्ही दोघांनीही तो ऐकला. सेठनी पानाचा डबा पुढे केला.

"किल्ली केशोराव के पास है," ते म्हणाले. "वो आपला माणूस. मी कोन होतो बीच में बोलनेवाला?"

मी परत विहिरीवर गेले. केशोराव म्हणाले, सेठचा लेखी हुकूम पाहिजे. मी परत मिलवर गेले. सेठ जेवायला बसले होते. जेवण झाल्यावर झोपले. चार वाजता त्यांनी सांगून पाठवले की समितीची सभा पुण्यतिथीनंतर घेऊ आणि वर्षातून दोन दिवस, जयंतीला आणि पुण्यतिथीला, विहीर उघडण्याचा ठराव मांडू. उन्हात मी चार हेलपाटे घातले होते. हाती आले ते वर्षाकाठी दोन दिवस.

संध्याकाळी शेजारची रुख्मा आपले लेकरू घेऊन आत्याच्या दारात आली. दीड वर्षाची मुलगी, सकाळपासून आठ जुलाब. डोळे आत गेले होते. पोटावरची कातडी चिमटीत धरली की लगेच सपाट होत नव्हती. पटकी असेलच असे नाही. साधी हगवणही असेल. मी पाणी खळाखळा उकळले, त्यात भाताची पातळ पेज केली, मीठ घातले, आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा द्यायला सांगितले.

"उकळलेलंच दे. कच्चं एक थेंब नको."

"बाई, लाकडं कुठून आनू तेवढे?" रुख्मा म्हणाली. तक्रार नव्हती. खरेच विचारत होती.

 याचे उत्तर दोनशे पावलांवर होते, कुलपाखाली.

आत्या चुलीपुढे बसून माझ्याकडे पाहत होती. "दिवसभर तोंड वाजवलं ना तू?"

"हो."

"तुह्या बापानं काय केलं होतं मालूम आहे? त्यानं कोनाले विचारलंच नाई. बादली घेतली, गेला. विचारत बसला असता तं अजून विचारत राहिला असता."

"त्याच्या वेळी झाकण नव्हतं, आत्या."

"झाकन नोतं, लठ होते. तुले काय पायजे ते निवड."

मी निवडायला बसले नाही. पण दिवसभरात पहिल्यांदाच मी किल्लीचा विचार सोडून झाकणाचा विचार केला. सकाळी वाकले होते तेव्हा मी ते पाहिले होते, फक्त पाहून सोडून दिले होते. गजांचे कडे चौथऱ्यात बसवलेले नव्हते. चौथऱ्यातून चार बोल्ट वर आले होते आणि कडे त्यांवर नटांनी कसलेले होते. कुलूप फक्त मधल्या फळकुटाला होते. आम्ही सगळे, मी शिकलेली धरून, दिवसभर कुलपाशी बोलत होतो.

मिलमधला फिटर मंगरू आमच्याच मोहल्ल्यात राहतो. दिवेलागणीला मी त्याच्याकडे गेले आणि पाना मागितला.

"कितीचा पायजे?"

"ते तुला माहीत असेल. विहिरीवरचे नट कोणी कसले?"

मंगरूने डोके खाजवले. "मीच कसले बाई. तेल लावून कसले. सैल व्हायले जड नाई जानार." मग पाना काढून देत म्हणाला, "पाना सेठचा आहे."

"सेठनी विचारलं तर सांग, अनुसयाबाईंनी नेला."

"अन् नाई विचारलं तं?"

"तर काहीच सांगू नको."

उजाडता उजाडता आम्ही गेलो. आत्या, मी, आणि मोहल्ल्यातल्या दहा-बारा बायका. कोणाला बोलावले नव्हते. आत्याने एकीला सांगितले होते, तेवढे पुरले. चार नट काढायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. ते मी रुमालात बांधून ठेवले, हरवू नयेत म्हणून. मग सहा जणींनी कडे उचलले आणि सरकवत चिंचेच्या बुंध्याला टेकवून उभे केले. कुलूप लावलेलेच होते. फळकूट बंद, कुलूप बंद, आणि त्याच्या मागे चिंचेचे झाड.

पहिल्या वीस-पंचवीस बादल्या मी ओतायला लावल्या. आठ आठवडे पाणी हलले नव्हते, वर पाने तरंगत होती. बायकांना ते पटले नाही. "बाई, एवढं चांगलं पानी!" पण ओतले. गडारी, म्हणजे दोराची कप्पी, काढून टाकलेली होती, त्यामुळे दोर हातानेच ओढावा लागत होता आणि तो नव्या दगडाच्या काठावर घासत होता.

साडेसहाला केशोराव आले. पांढरा धुतलेला कोट, हातात झेंडूचा हार. त्यांनी चिंचेला टेकलेले झाकण पाहिले, रांग पाहिली. हार हातातच राहिला.

"बाई. तुमी मास्तरचं स्मारक फोडलं."

"फोडलं नाही. चार नट काढले. रुमालात आहेत."

"आज! आजच्या दिवशी!" त्यांचा आवाज फुटला. ते सरळ काठापाशी गेले आणि दोर धरला. दोराचे दुसरे टोक आत्याच्या हातात होते. बादली अर्ध्यावर लटकली.

"सोडा बाई," ते आत्याला म्हणाले. "पाया पडतो तुमच्या, सोडा."

आत्याने सोडला नाही. तिने ओढलाही नाही. "धर," ती म्हणाली. "घट्ट धर केशो. काय करतं ते मले पाहू दे."

 केशोराव दोर धरून उभे होते. ते काय विचार करत होते ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखे मी लिहिणार नाही. मी पाहिले ते एवढेच : त्यांची नजर आत्याकडून दोराकडे गेली, दोराकडून दगडाकडे. काठाच्या लाल दगडावर दोराने बोटभर रुंदीचा पांढरा ओरखडा काढला होता.

"दगड खराब होऊन राहिला ना," ते म्हणाले.

"होऊन राहिला," आत्या म्हणाली.

"गडारीशिवाय कोनी पानी काढते का? अक्कल आहे का कोनाले?" त्यांनी दोर सोडला, हार माझ्या हातात कोंबला आणि तरातरा निघून गेले. मला वाटले, सेठकडे गेले. पाऊण तासाने ते परत आले ते जुनी गडारी आणि दोन लाकडी बल्ल्या खांद्यावर घेऊन. गडारी त्यांनी घरी जपून ठेवली होती, तेलपाणी करून, लाल कपड्यात. बल्ल्या रोवताना, गडारी बसवताना ते एकसारखे बडबडत होते : घागर काठावर आपटू नका, चप्पल खाली काढा, तिकडे सांडू नका, पाटीवर उडेल, इथं भांडे घासले तं याद राखा. चप्पल कोणीच काढत नव्हते, कारण चप्पल कोणाच्या पायात नव्हती. माझी सोडून. मी काढली नाही.

रुख्माची घागर तिसरी भरली. तिची मुलगी रात्री दोनदाच उठली होती आणि सकाळी पेज मागत होती. रुख्मा पाणी घेऊन गेली.

तहसीलदारसाहेब साडेदहाला आले, सेठच्या गाडीतून. सेठ आधी उतरले. त्यांनी एका नजरेत सगळे पाहिले : चिंचेला टेकलेले कुलूपबंद झाकण, फिरणारी गडारी, पंचवीस बायका, आणि घामाने कोट भिजलेले केशोराव. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"आइए साहब," ते म्हणाले. "यही तो आज का कार्यक्रम है. समितीने तय किया, मास्तरजी की पुण्यतिथी पर विहीर जनता के लिए खुली रखेंगे. हमेशा के लिए."

साहेबांनी मान डोलावली आणि खिशातून छोटी वही काढून काही लिहिले. टाळ्या वाजल्या. मला इतका संताप आला की रुमालातले नट हाताला रुतले. पण सरकारी माणसाने ते लिहून घेतले होते, पंचवीस बायकांसमोर, आणि आता सेठना ते मागे घेता येणार नव्हते. तेवढ्यासाठी मी तोंड बंद ठेवले. श्रेय त्यांनी घेतले तर घेऊ दे. पाणी मोहल्ल्याने घेतले.

भाषणे दीड तास चालली. सेठ वारशावर बोलले. साहेब आजच्या काळावर बोलले. मांडवात माझ्या वडिलांचा फेट्यातला फोटो होता आणि त्यांच्याविषयी जे बोलले जात होते ते ऐकून त्यांना स्वतःचीच ओळख पटली नसती.

केशोराव वाकून मांडवातून बाहेर आले. मी विहिरीवर होते.

"बाई, तुमचं नाव पुकारून राहिले. दहा मिनटं. बरगड्याचं तरी बोला."

"तुम्ही बोला, भाऊ. तुम्ही तिथे होता. मी तेव्हा पाच वर्षांची होते."

"मले येते का भाषन?" ते वैतागून म्हणाले. "अन् लाल दवा कवा टाकता? टाकाची आहे ना?"

"संध्याकाळी, भरून झाल्यावर. रात्रभर कोणी काढायचं नाही."

"मग मी बसतो इथं," ते म्हणाले. "नाईतं हे आयकतील थोडे." आणि त्यांनी लगेच समोरच्या बाईला घागर सरळ धरायला सांगितले.

मांडवातून माझे नाव पुन्हा पुकारले गेले. मी रांगेत उभी होते, आत्याची घागर घेऊन. माझ्यापुढे अजून सात जणी होत्या.